कोचच्या खुणा

कोल्टर्स फेरीच्या शाळेच्या कोचने क्वार्टरबॅकचं डोकं काढून स्वतःच्या खिशात ठेवलंय, हे एमिल हुडाकचं मत सगळ्या गावाला तोंडपाठ होतं. कुणी विचारो न विचारो, तो ते सांगायचाच. न्हाव्याच्या खुर्चीत सांगायचा, चर्चच्या तळघरात पिरोगी नावाच्या करंज्या लाटणाऱ्या बायकांना सांगायचा, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरचं यंत्र तोंडात असताना सांगायला निघाला होता. गावाची त्यात चांगलीच करमणूक व्हायची, कारण हा कोच म्हणजे एमिलचा सख्खा जावई होता.

एमिल शहात्तर वर्षांचा. काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर एकेचाळीस वर्षं काढलेला, आणि त्याआधी याच शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात सेंटर म्हणून खेळलेला. सेंटर म्हणजे रांगेच्या मधोमध ओणवा उभा राहून दोन पायांमधून मागच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल चालवणाऱ्या खेळाडूच्या, हातात चेंडू देतो तो. त्याचं नाव पेपरात कधी येत नाही. एमिलच्या मागे तेव्हा बर्नी सोल्टिस असायचा. बर्नी समोरच्या अकरा जणांवर एक नजर टाकायचा, घोळक्यात दोन शब्द बोलायचा आणि चाल ठरायची. कोचने बाजूला उभं राहून सिगारेट ओढायची आणि हरल्यावर शिव्या द्यायच्या, एवढंच त्याचं काम.

"आणि आता बघा," एमिल म्हणायचा. "प्रत्येक चालीआधी तो डेव्हिन मार्श मान वळवून बाजूला बघतो. सतरा वर्षांचा घोडा झालाय, पण दुकानात आईकडे बघणाऱ्या पोरासारखा. हे घेऊ का, ते घेऊ का."

आताचा क्वार्टरबॅक डेव्हिन जिकडे बघायचा तिकडे जावई उभा असायचा. कर्ट लॉवरी. चौदा वर्षांपूर्वी इंडियानातून आलेला, सडपातळ, शांत, कधी आवाज न चढवणारा. हातात हॉटेलातल्या मेन्यूएवढा प्लास्टिक चढवलेला कागद, त्यावर शंभरेक चाली रंगीत शाईत लिहिलेल्या. कर्टच्या पद्धतीत क्वार्टरबॅकने ठरवायचं असं काही उरलंच नव्हतं. कर्ट कागद बघून ठरवणार, त्याचे दोन मदतनीस हातवारे करून ते मैदानात पोहोचवणार, आणि डेव्हिन ते वाचून तेवढंच करणार. "पोरांच्या डोक्याला ताप नको," कर्ट म्हणायचा. "चूक झाली तर ती माझी." हे वाक्य एमिलला फार लागायचं. पोराचा चुकण्याचा हक्कच काढून घेतलात तर ते शिकणार काय, असं त्याचं म्हणणं. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असंही नाही. पण खरं बोलणारा माणूस ते चौदा वर्षं रोज बोलायला लागला की लोक घड्याळाच्या टिकटिकीसारखं ते ऐकेनासे होतात, आणि एमिलचं तेच झालं होतं.

रोझान त्याची एकुलती एक मुलगी. जिल्ह्याच्या इस्पितळात नर्स. आई इरीना चार वर्षांपूर्वी गेली तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी ती बापाकडे यायची. त्याच्या बोटाला सुई टोचून साखर बघायची, कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेल्या होलुप्कीचं भांडं फ्रिजमध्ये ठेवायची, आधीच्या आठवड्याचं न खाल्लेलं बाहेर काढून त्याला झापायची. बाकीचे सहा दिवस त्या घरात टीव्ही सोडून कुणाचा आवाज नसायचा. एमिल हे कुणाला सांगायचा नाही, पण त्याचा आठवडा गुरुवारीच सुरू व्हायचा आणि गुरुवारीच संपायचा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी ती आली आणि कोट न काढताच खुर्चीत बसली.

"शाळेच्या मंडळाने कर्टला बोलावलं होतं," ती म्हणाली. "तीन वर्षं बाद फेरीत पहिल्याच सामन्यात हरतोय ना आपण. या वर्षी पहिला सामना जिंकला तर करार पुढे. नाहीतर डिसेंबरनंतर दुसरा माणूस."

"मग जिंकायचं."

"हरलो तर आम्ही ॲरिझोनाला जाणार, डॅड. त्याच्या मित्राच्या शाळेत जागा आहे. मलाही तिकडे काम मिळेल."

एमिलने टेबलावरचं मीठ उगाच इकडचं तिकडे केलं. ॲरिझोना म्हणजे विमानाने जायचं ठिकाण, आणि तो उभ्या जन्मात विमानात बसला नव्हता.

"हरणार नाही," तो म्हणाला. "फक्त त्याला सांग, डेव्हिनला मोकळं सोड. पहिल्या प्रयत्नाला सरळ मधून धाव..."

"डॅड."

"बरं. राहिलं."

"दे बोट," ती म्हणाली, आणि सुई काढली.

आता या हंगामात एमिलने काय उद्योग करून ठेवला होता ते सांगायला हवं. बदकांच्या शिकारीची जुनी दुर्बीण घेऊन तो दर शनिवारी बाकांच्या सगळ्यात वरच्या रांगेत बसायचा. मैदानाला दिवे नव्हते, म्हणून कोल्टर्स फेरीचे सामने अजूनही शनिवारी दुपारीच व्हायचे. आणि सगळे जण चेंडूकडे बघत असताना हा गृहस्थ कर्टच्या दोन मदतनिसांकडे बघत बसायचा. एकाच्या डोक्यावर लाल टोपी, दुसऱ्याच्या डोक्यावर निळी. दोघेही वेड लागल्यासारखे हातवारे करायचे, पण त्यातल्या एकाचेच खरे असणार आणि दुसरा समोरच्यांना फसवायला उभा, एवढं एमिलला ठाऊक होतं. कुणाचं खरं आणि कुणाचं खोटं हे शोधायला त्याला सहा सामने लागले. कर्टच्या डाव्या हातात कागद असला की लाल टोपी खरी, उजव्या हातात असला की निळी. पुढचं सोपं होतं. छातीवर हात म्हणजे जवळची फेक, टोपीला हात म्हणजे लांबची फेक, गुडघ्याला हात म्हणजे धाव, दोन्ही कोपरं धरली की क्वार्टरबॅकने चेंडू स्वतःकडेच ठेवायचा. पुढे जो पाय असेल ती बाजू.

हे शोधलं कशाला? तर जावयाला दाखवून द्यायला. बघ, तुझी एवढी हुशारी, आणि वरच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ती वाचता येते. त्यापेक्षा पोराला ठरवू दे. हंगाम संपला की सगळ्यांसमोर हे मांडायचं आणि कर्टने मान खाली घालायची, असं चित्र त्याने मनात पुरतं रंगवून ठेवलं होतं. त्यात दुष्टपणा नव्हता. आपलं कुणीतरी ऐकावं, एवढंच होतं.

पण हंगाम संपेपर्यंत गप्प बसणं हे एमिलच्या स्वभावात नव्हतं. साखळीतल्या शेवटच्या सामन्याला तो चाली आधीच मोठ्याने सांगू लागला. शेजारी त्याचा कारखान्यातला जोडीदार गस पेट्रिला शेंगदाणे खात बसला होता.

"जवळची फेक. डावीकडे," एमिल म्हणाला. डेव्हिनने डावीकडे जवळ फेकलं.

"लागला तुक्का," गस म्हणाला.

"धाव. उजवीकडून." धाव उजवीकडूनच झाली.

सलग नऊ चाली बरोबर आल्यावर गस शेंगदाणे चावायचा थांबला. आणि खालच्या रांगेत बसलेला करड्या जाकिटातला एक माणूस मागे वळला. चाळिशीचा असेल, चेहरा हसरा.

"माफ करा हं," तो म्हणाला, "पण हे तुम्ही कसं ओळखता? मी एवढे सामने बघतो, पण असं कुणी पाहिलं नाही."

"बघायची नजर लागते," एमिल म्हणाला.

"तुम्ही खेळला असणार."

"सेंटर. चौसष्ट साली."

"तरीच. सेंटरला सगळं कळतं. नाव मात्र क्वार्टरबॅकचं होतं."

झालं. एमिलचा जीव तिथेच विरघळला. चौदा वर्षांत या विषयावर त्याला कुणी उलट एक प्रश्न विचारला नव्हता. या माणसाने कॉफी आणून दिली, त्याच्या शेजारी येऊन बसला, आणि प्रश्नांमागून प्रश्न विचारू लागला. टोप्यांचं काय? कागद कुठल्या हातात? पायाचा काय संबंध? एमिल सांगत गेला. मध्येच त्या माणसाने छोटी वही काढली. "विसरायला होतं, लिहून घेऊ ना?" असं त्याने विचारलं तेव्हा तर एमिलला भरून आलं. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय, हे सुख त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं. त्याने सावकाश, पुन्हा एकदा, सुरुवातीपासून सांगितलं. निरोप घेताना त्या माणसाने दोन्ही हातांनी त्याचा हात दाबला, आणि एमिल त्या दिवशी घरी शीळ घालत गेला.

कोल्टर्स फेरी तो सामना जिंकली. बाद फेरीत पहिलीच गाठ रिजमाँटशी पडली.

बुधवारी सकाळी गस पेपर घेऊन एमिलच्या दारात आला. आत आला नाही, पायरीवरूनच पेपर पुढे केला. रिजमाँटच्या संघाचा फोटो होता. मागच्या ओळीत, डावीकडून दुसरा, तोच हसरा चेहरा. खाली नावापुढे लिहिलं होतं, सहायक कोच.

"पुढच्या संघाचं बघायला माणूस पाठवतात ते," गस म्हणाला. "सगळेच पाठवतात."

"माहीत आहे मला."

"तू त्याला किती सांगितलंस?"

एमिल पेपराची घडी घालत राहिला. गसने त्याच्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली.

"मी कुणाला बोलणार नाही," तो म्हणाला. "पण तू कर्टला सांग. आजच."

पण त्या दिवशी ते काही झालं नाही. एमिलने तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. अख्ख्या गावात जावयाच्या अकलेची चिरफाड करणाऱ्या माणसाने त्याच जावयाला काय म्हणून सांगायचं होतं? की दोन गोड शब्द आणि एक कॉफी, एवढ्यावर मी तुझं घर विकलं? लाजेने तो रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. इरीना असती तर तिने त्याला कॉलर धरून नेलं असतं.

गुरुवारी दुपारी तो सरावाच्या मैदानावर गेला. पोरं चिखलात ढकलाढकली करत होती. कर्टने त्याला कुंपणापाशी पाहिलं आणि कागद बगलेत मारून आला.

"बोला, एमिल."

"तुझ्या खुणा बदल."

"काय?"

"हातवारे. टोप्या. सगळं. शनिवारच्या आत बदल. ते वाचता येतात."

"कुणाला?"

"मला येतात. डाव्या हातात कागद असला की लाल टोपी खरी."

कर्टने नकळत बगलेतला कागद हातात घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. मग हसला. त्या हसण्यात राग नव्हता, दमणूक होती.

"शाबास," तो म्हणाला. "खरंच. पण तुम्ही दहाच्या दहा सामने दुर्बीण लावून बसलात. रिजमाँटकडे काय आहे? फिल्म. त्यात चेंडू दिसतो, माझे मदतनीस दिसत नाहीत."

"त्यांना कळेल."

"कसं?"

इथेच ते सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, पाच-सहा शब्दांचं. एमिलने कुंपणाची तार घट्ट धरली.

"कळेल म्हणतोय ना," तो म्हणाला.

"एमिल, गेल्या महिन्यात तुम्ही म्हणालात, डेव्हिनला मोकळं सोड. त्याआधी म्हणालात, लांबच्या फेकी बंद कर. त्याआधी, पहिल्या प्रयत्नाला मधून धाव. आता म्हणता, खुणा टाकून द्या. म्हणजे फिरून तेच, की पोराला ठरवू दे." कर्टने मागे वळून पोरांकडे पाहिलं. "दोन दिवसांत सगळं बदललं तर ही पोरं गोंधळून जातील. तरीही बदलतो मी. पण मला एक कारण द्या. एकच."

चौदा वर्षं जो माणूस आपलं ऐकत नाही म्हणून तो कुढत होता, तो समोर उभा राहून ऐकायला तयार होता.

"मी साठ वर्षं हा खेळ बघतोय," तो म्हणाला. "हेच कारण."

कर्टने मान हलवली. "रोझान आज सहा वाजता येईल तुमच्याकडे," तो म्हणाला आणि परत गेला.

शनिवारी सगळं गाव मैदानावर होतं. आभाळ खाली आलेलं, थंडी हाडात शिरत होती. पहिल्याच चालीला कर्टच्या डाव्या हातात कागद होता, लाल टोपीवाल्याने छातीवर हात ठेवला, उजवा पाय पुढे. जवळची फेक, उजवीकडे. एमिलने दुर्बीण पलीकडच्या बाजूला फिरवली. करड्या जाकिटातला माणूस तिथे वही घेऊन उभा होता. त्याने कर्टकडे पाहिलं, वहीत पाहिलं, आणि दोन बोटं वर करून ओरडला. रिजमाँटचे तीन जण उजवीकडे सरकले. डेव्हिनचा चेंडू त्यांच्या हातात सरळ जाऊन पडला.

त्यानंतरचं बघणं शिक्षा होती, आणि एमिलने ती पुरी भोगली. प्रत्येक चाल त्याला आधी कळत होती. ज्या क्षणी त्याला कळायची त्याच क्षणी पलीकडच्या त्या माणसालाही कळायची. दोघे एकच पान वाचत होते, आणि ते पान एमिलनेच लिहून दिलं होतं. धाव म्हटली की चार जण वाट अडवून उभे. लांबची फेक म्हटली की डेव्हिनचा हात वर जायच्या आत दोघे त्याच्या अंगावर. पोरगं पडत होतं, उठत होतं, चिखल थुंकत होतं आणि पुन्हा मान वळवून बाजूला बघत होतं. पहिल्या अर्ध्या तासात त्याला सात वेळा आडवं केलं. मध्यंतराला फलकावर एकवीस-शून्य होतं.

"ॲरिझोनाचं तिकीट काढा रे याचं," खालून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

"एमिल, तू इतकी वर्षं बोंबलत होतास ते खरं निघालं बघ," न्हावी दोन रांगा ओलांडून येऊन म्हणाला. त्याने एमिलच्या पाठीवर थाप मारली. आणखी दोघा-तिघांनी मारली. पिरोगीवाल्या बाईने लांबून मान डोलावली. सगळ्या गावाने त्याचं म्हणणं एकाच दुपारी मान्य केलं. गस तेवढा शेजारी मान खाली घालून बसला होता. चार रांगा खाली, कोचच्या बायकोच्या जागेवर, रोझान एकटी बसली होती आणि एकदाही मागे वळली नाही.

तिसऱ्या सत्रात कर्टला उमगलं. त्याने कागद उजव्या हातात घेतला, डाव्यात घेतला, पुन्हा उजव्यात, आणि पलीकडे बघत राहिला. मग त्याने कागद पाठीमागे पट्ट्यात खोचला, दोन्ही टोपीवाल्यांना मागे बसवलं, आणि डेव्हिनला जवळ बोलावून त्याच्या हेल्मेटची जाळी धरून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते एमिलला वरूनही कळलं. आता तू ठरव.

याच क्षणाची तो चौदा वर्षं वाट बघत होता. डेव्हिन घोळक्यात गेला. दहा चेहरे त्याच्याकडे बघत होते. पोरगं बोललं काहीतरी, मग थांबलं, मग दुसरं काहीतरी बोललं. चाल सुरू करायची वेळ संपली आणि पंचांनी संघाला पाच यार्ड मागे ढकललं. पुन्हा घोळका, पुन्हा तेच. पुन्हा पाच यार्ड. डेव्हिनने सवयीने मान वळवली. पोराने आपल्याकडे बघू नये म्हणून कर्ट मैदानाकडे पाठ करून उभा होता. त्या पाठीकडे बघून पोराचा चेहरा असा झाला की एमिलने दुर्बीण खाली घेतली. ज्याला कधी ठरवू दिलं नाही त्याला आज ठरवता येत नव्हतं. एमिलचं मत यातही बरोबरच होतं, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. सामना चौतीस-सहाने गेला.

रविवारी सकाळपर्यंत कर्टच्या अंगणात घर विकणे आहे असे सात फलक रोवलेले होते. हरलेल्या कोचसाठी गावाची ही जुनीच रीत. कर्टने ते एकेक उपटून गॅरेजमध्ये नीट रचून ठेवले आणि दुपारी एकटाच एमिलकडे आला. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसला.

"मी तुमचं ऐकायला हवं होतं," तो म्हणाला. "माफी मागायला आलोय. आणि विचारायला. त्यांना कळेल हे तुम्हाला कसं ठाऊक होतं?"

मग एमिलने सांगितलं. करडं जाकीट, कॉफी, वही, सगळं. एकदा सुरू झाल्यावर ते दोन मिनिटांत संपलं, एवढंसंच होतं ते.

कर्टने खुर्ची मागे सारली. एमिलला वाटलं, आता हा उठेल, टेबल उलथेल, काहीतरी फोडेल. फोडायलाच हवं होतं. पण कर्टने वेगळंच विचारलं.

"कुठली टोपी खरी, हे कितव्या सामन्यात कळलं?"

"सहाव्या."

"कोपरांची खूण? ती तर आम्ही हंगामात चारदाच वापरली."

"तिसऱ्यांदा वापरली तेव्हा. त्याआधी प्रत्येक वेळी तुझा निळ्या टोपीवाला एक पाऊल मागे सरायचा. त्याला ती खूण आवडत नसावी."

"नाहीच आवडत त्याला," कर्ट म्हणाला. "चौदा वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नाही." आणि त्याने पेन काढून पेपराच्या कडेला काहीतरी लिहून घेतलं. पाच-दहा मिनिटं दोघे त्या खुणांवर बोलत बसले. कर्ट विचारत होता, एमिल सांगत होता. सासरा-जावयाचं इतकं चांगलं बोलणं याआधी कधी झालं नव्हतं. एका क्षणी तर एमिलला बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटतंय हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

"कदाचित तरीही हरलो असतो," कर्ट उठत म्हणाला. "ते आता कधीच कळणार नाही." दारापाशी तो थांबला. "रोझानला मी यातलं काही सांगणार नाही, एमिल. तुम्ही सांगायचं. निघायच्या आधी."

त्यानंतर पाच गुरुवार आले. पहिल्या गुरुवारी ती इतकी दमली होती की एमिलने विचार केला, आज नको. दुसऱ्या गुरुवारी ती स्वतःहून हसली, आणि ते मोडवेना. तिसऱ्या गुरुवारी तिने त्याला स्वतःच्या बोटाला स्वतः सुई टोचायला शिकवलं. सुई बोटावर धरून तो थांबला. ती म्हणाली, "घाबरतोस काय एवढ्याशाला." चौथ्या गुरुवारी तिने आईचा कोट मागितला. पाचव्या गुरुवारी ती आलीच नाही, सामान बांधायचं राहिलं होतं. दर वेळी तो दाराशी उभा राहून गाडीचे लाल दिवे वळणावर जाईपर्यंत बघायचा आणि स्वतःला शिव्या घालायचा. शिव्या घालणं त्याला छान जमत होतं.

डिसेंबरच्या मध्यात, शनिवारी सकाळी, ते निघताना त्याच्या दारात थांबले. कर्ट गाडीतच बसून राहिला, खिडकीची काच खाली केलेली. रोझान उतरली. इरीनाचा कोट तिला खांद्यात सैल होत होता.

"गोळ्या वेळेवर घे," ती म्हणाली. "गस रोज सकाळी डोकावणार आहे, त्याच्याशी भांडू नकोस. उन्हाळ्यात विमानात बसवते तुला, कशी का होईना."

"हो."

"नुसतं हो म्हणतोस." तिने त्याच्या कॉलरचं बटण लावलं. मग तिचा आवाज बदलला. "डॅड, एक बोलायचं राहिलंय. त्या सामन्याच्या आधीच्या गुरुवारी तू मैदानावर जाऊन कर्टला म्हणाला होतास ना, खुणा बदल म्हणून? त्याने सांगितलं मला. आणि मी आयुष्यभर तुला गप्प बसवत आले. त्या एका दिवशी त्याने तुझं ऐकलं असतं तर आज आपण सगळे इथेच असतो."

एमिलने गाडीकडे पाहिलं. कर्टचे दोन्ही हात चाकावर होते आणि तो सरळ त्याच्याकडे बघत होता. त्याला घाई नव्हती. तो थांबला होता.

"वाटेत ओहायोत बर्फ पडतोय म्हणे," एमिल म्हणाला. "सावकाश जा."

रोझान रडता रडता हसली. "बघ, आज खरंच तुझं बरोबर होतं, तर आजच बोलत नाहीस. एरवी गावभर ओरडत फिरतोस. म्हण ना एकदा. मी सांगितलं होतं, असं म्हण. तेवढा हक्क आहे तुझा."

ती त्याचे दोन्ही हात धरून उभी होती. कर्ट अजून बघत होता.

"मी सांगितलं होतं," एमिल म्हणाला.

कर्टने काच वर केली.